पडलेल्या दाताची जागा भरावी, की तशीच राहू द्यावी?

दात काढून झालेला असतो, तोंडात कापसाचा बोळा असतो, अर्धा जबडा बधिर असतो, आणि तेवढ्यात प्रश्न येतो : "मग, इम्प्लांट करायचं की ब्रिज?" म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, की शेजारच्या दातांच्या आधाराने लावलेला खोटा दात? अशा वेळी माणूस नुसती मान हलवतो. मीही हलवली होती. घरी आल्यावर लक्षात आलं, की याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ही जागा भरायची गरज आहे का?

आमच्या घरात हा निर्णय तीनदा घ्यावा लागला. माझी खालची सर्वांत मागची दाढ गेली. नवरा पडला, तेव्हा त्याचा वरचा, मधल्या दोन दातांशेजारचा दात तुटला. सासूबाईंचे खालचे उरलेसुरले दात एकेक करून काढावे लागले. तिघांची उत्तरं तीन वेगळी निघाली आणि तिन्ही योग्य होती, असं मला आजही वाटतं. मी डॉक्टर नाही, पण तीन वेळा खुर्चीशेजारी बसून, विचारून, वाचून जे कळलं ते इथे ज्या क्रमाने विचार करावा त्या क्रमाने मांडते आहे. तपासणीला हा पर्याय नाही. तपासणीला जाताना बरोबर काय घेऊन जायचं, ते यात आहे.

पहिली पायरी : गेलेले नाही, उरलेले दात मोजा

आरशासमोर उभं राहून कागदावर दोन कमानी काढा, वरची आणि खालची. अक्कलदाढा धरून माणसाला ३२ दात असतात, त्या सोडल्या तर २८. जे नाहीत तिथे फुली मारा. जे हलतात, ज्यांवर कॅप आहे, ज्यांचं रूट कॅनाल झालंय, ज्यांत मोठं सिमेंट भरलंय, त्यांवर वेगळी खूण करा. मग जोड्या मोजा : वरचा कुठला दात खालच्या कुठल्या दातावर टेकतो? वर दाढ असून तिच्याखाली काहीच नसेल, तर चावण्याच्या दृष्टीने ती दाढ एकटीच आहे.

या मोजणीला आधार आहे. १९८०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या आर्न्ड काइझर या दंततज्ज्ञांनी मागच्या दाढा नसलेल्या माणसांचा अभ्यास केला. पुढचे सगळे दात आणि दोन्ही बाजूंना उपदाढांच्या (सुळ्यांमागच्या लहान दाढांच्या) जोड्या शाबूत असल्या, तर बहुतेकांचं चावणं, दिसणं आणि जबड्याचा सांधा व्यवस्थित चालतो, असं त्यांना आढळलं. 'आखूड दंतपंक्ती' ही कल्पना तिथून आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही आयुष्यभर किमान २० नैसर्गिक दात टिकवणं हे ध्येय मानलं. जपानने १९८९मध्ये सुरू केलेल्या मोहिमेचं नावच '८०२०' आहे : ऐंशीव्या वर्षी वीस दात.

वीस म्हणजे बत्तीस नव्हे. बत्तिशी पूर्ण असणं छान, पण ती पूर्ण नसणं हा आजार नाही. हे वाक्य मला त्या पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.

दुसरी पायरी : फट तुमच्याकडून काय काढून घेते आहे?

जखम भरू द्या. त्यानंतर दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. जेवताना त्या बाजूने चावणं टाळता का? एखादा पदार्थ खाणं सोडूनच दिलंत का? फटीत अन्न अडकतं का, आणि हिरडी दुखते का? बोलताना 'स', 'त', 'फ' घसरतात का? हसताना हात तोंडावर जातो का? फोटो काढताना ओठ मिटता का?

हे सगळं खरंखुरं लिहा. दिसण्याबद्दल लिहायला आपल्याला उगाच संकोच वाटतो, जणू ती चैन आहे. माझ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'विशेष त्रास नाही.' दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, 'बैठकीत बोललोच नाही.' निर्णयाला तेवढं एक वाक्य पुरेसं होतं. माझ्या वहीत मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. मागची दाढ नसल्याचं मला जिभेने चाचपल्याशिवाय आठवतही नव्हतं.

तिसरी पायरी : 'नाही भरलं तर काय होईल' ही भीती तपासा

निर्णय इथे सगळ्यात जास्त घसरतो, म्हणून जरा थांबते. जागा रिकामी ठेवली तर तीन गोष्टी होतात असं सांगितलं जातं. तिन्ही खऱ्या आहेत. त्या किती प्रमाणात आणि किती वेगाने होतात, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

एक, शेजारचे दात फटीकडे कलतात. होय, कलतात. विशेषतः फटीच्या मागची दाढ पुढे झुकते. तरुण वयात आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हे जास्त होतं. अनेकांत ते थोडंसं होऊन थांबतं. कललेल्या दाढेच्या पुढच्या अंगाला खाच तयार होते, तिथे अन्न साचतं आणि कीड किंवा हिरडीचा त्रास सुरू होतो. प्रश्न आहे तो त्या खाचेचा. ती घासून साफ ठेवता येत असेल, तर कल एवढा गंभीर नाही. आणि गेलेला दात रांगेतला शेवटचाच असेल, तर त्याच्या मागे कलायला कुणी नसतंच.

दोन, समोरचा दात उतरतो. खालची दाढ गेली की वरची, टेकायला कुणी नसल्याने, सावकाश खाली येऊ लागते. समोर जोडीदार नसलेल्या बहुतेक दातांत थोडीफार हालचाल होते, पण ती बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटरच्या आतच राहते. काहींत मात्र दात इतका उतरतो की तो समोरच्या हिरडीला टेकतो, किंवा पुढे कधी दात बसवायचा म्हटलं तर जागाच उरत नाही. कुणाचा उतरेल आणि कुणाचा नाही, हे आधी सांगता येत नाही, पण मोजता येतं. दाताचे ठसे किंवा तोंडाचं स्कॅन आज घेऊन ठेवा, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. रात्री घालायचं साधं प्लॅस्टिकचं साचेबंद आवरणसुद्धा दात जागच्या जागी धरून ठेवायला मदत करतं.

तीन, हाड झिजतं. हे निश्चित होतं. दात काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बहुतेक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळेच 'लवकर ठरवा' हा सल्ला दात काढण्याच्या आधी आणि नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत योग्य आहे. पण दात जाऊन चार वर्षं झालेल्या माणसाला 'या महिन्यातच करा, नाहीतर हाड जाईल' असं कुणी म्हणत असेल, तर त्या घाईला आधार नाही. जायचं ते हाड बहुतांशी आधीच गेलेलं असतं. पुढची झीज अगदी सावकाश होते.

म्हणून दात अजून काढायचा असेल तर आधीच विचारा : "पुढे इम्प्लांट करायची शक्यता ठेवायची असेल, तर काढतानाच काही करता येईल का?" हाड न कुरतडता दात हळुवार काढणं, रिकाम्या खाचेत हाडाचा चुरा भरून ती बंद करणं, अशा गोष्टी त्याच वेळी होतात. त्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते.

आता जागा रिकामी ठेवू नये अशा परिस्थिती. पुढचा दात आणि त्यामुळे माणूस मिटून गेलेला. दोन्ही बाजूंच्या दाढा जाऊन फक्त पुढच्या दातांनी चावणं चाललेलं, कारण ते दात त्या कामासाठी नसतात. मग ते झिजतात, पसरतात, हलू लागतात. एकाच बाजूने चावायची सवय लागलेली. खाणं कमी होऊन वजन उतरत चाललेलं. आणि वयात येणारी मुलं : त्यांच्यात दात पटकन सरकतात, म्हणून लगेच कायमचा दात बसवला नाही तरी जागा राखण्याची सोय हवीच.

चौथी पायरी : दात का गेला?

कीड की हिरडीचा रोग? बहुतेक दात या दोन कारणांनी जातात. ते कारण तोंडात तसंच असेल, तर नवा दात त्याच चिखलात उभा राहील. हिरड्यांतून रक्त येत असताना, दात हलत असताना, शेजारच्या दातांना कीड असताना जागा भरायची चर्चा थांबवा. आधी स्वच्छता, हिरड्यांचे उपचार, किडलेले दात भरणं. काही महिने घासण्याची शिस्त टिकते का, ते पाहा. ती टिकली नाही, तर महागातला महाग उपायही टिकणार नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला रोग होतो, आणि ज्यांचे दात हिरडीच्या रोगाने गेले त्यांना तो जास्त होतो.

शरीराचाही हिशेब इथेच मांडा. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी अहवाल (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) न्या. तो ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि ते बरोबर आहे. तंबाखू ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती सांगा. कॅपा फुटण्यामागे आणि स्क्रू सैल होण्यामागे बऱ्याचदा तीच असते.

आणि औषधं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, कर्करोगासाठी तीच औषधं मोठ्या मात्रेत घेतली असतील किंवा जबड्यावर कधी किरणोपचार झाले असतील, तर हे सर्वांत आधी सांगायचं. अशा वेळी दात काढण्याची किंवा इम्प्लांटची जखम न भरता जबड्याचं हाड मृत होऊ शकतं. हाडांच्या साध्या उपचारात हा धोका कमी असतो, कर्करोगाच्या मात्रेत बराच जास्त. सासूबाई ती गोळी 'हाडांची आहे, दातांची नाही' म्हणून सांगायलाच विसरल्या होत्या. त्यांचा यात दोष नाही, विचारणाऱ्याने नाव घेऊन विचारायला हवं होतं. एक मात्र जपा : डेनोसुमॅब किंवा रक्त पातळ करणारी गोळी दातांच्या कामासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोस लांबला तर मणके मोडू शकतात, रक्ताची गोळी थांबवली तर गुठळी होऊ शकते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

पाचवी पायरी : पर्याय शेजारच्या दातांकडून वाचा

कुठला उपाय चांगला, असा प्रश्न विचारला की उत्तर जाहिरातीसारखं येतं. प्रश्न फिरवून विचारा : फटीच्या दोन्ही बाजूंचे दात कसे आहेत?

ते धडधाकट, कधीच न कोरलेले असतील, तर नेहमीचा ब्रिज करताना खूप विचार करा. ब्रिज म्हणजे शेजारचे दोन दात चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅप चढवायची आणि मध्ये खोटा दात लटकवायचा. पूर्ण कॅपसाठी घासताना दाताचा वर दिसणारा भाग साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तो परत येत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे मरते आणि रूट कॅनाल करावं लागतं. एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात खर्ची घालणं हा मला सौदा वाटत नाही. उलट, त्या दोन्ही दातांत आधीच मोठं सिमेंट असेल, रूट कॅनाल झालेलं असेल आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज अगदी रास्त आहे. शस्त्रक्रिया नाही, दोन-तीन आठवड्यांत काम पूर्ण, आणि चांगला केलेला ब्रिज दहा वर्षं सहज जातो. तो बिघडतो बहुधा कॅपच्या कडेखाली शिरलेल्या किडीमुळे. एका टोकाचं सिमेंट सुटून दुसऱ्या टोकावर ब्रिज टिकून राहिला तर कळतसुद्धा नाही, आणि आत दात कुजत जातो. ब्रिजखालून दोरा ओवून रोज साफ करावं लागतं, हे आधीच मान्य असलं पाहिजे.

पुढच्या दातासाठी एक मधला मार्ग आहे आणि तो फारसा सुचवला जात नाही. चिकटवलेला ब्रिज : खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या एकाच दाताच्या आतल्या बाजूला चिकटवतात. दात जवळपास घासावा लागत नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण पुढच्या दातांत दोन पंखांपेक्षा एका पंखाचा ब्रिज जास्त टिकतो. दोन दात वेगवेगळे हलतात आणि एका बाजूचा पंख उचकटतो, म्हणून. सुटला तर पुन्हा चिकटवता येतो, आणि पुढे मन बदललं तर बाकीचे सगळे पर्याय खुले राहतात. नवऱ्यासाठी आम्ही हाच निवडला. चावा खोल असेल किंवा दात खाण्याची सवय असेल, तर मात्र तो चालत नाही.

काढती कवळी म्हटली की लोक नाक मुरडतात. ते मला अन्यायाचं वाटतं. एकाच जबड्यात तीन-चार ठिकाणी फटी असतील, पुढे आणखी दात जाण्याची शक्यता असेल, शस्त्रक्रिया नको असेल, तर तिच्यासारखा लवचीक उपाय नाही. तिच्यात नंतर दात वाढवताही येतो. प्लॅस्टिकची कवळी हिरडीवर टेकते, कोबाल्ट-क्रोमियमच्या चौकटीची दातांवरही टेकते, म्हणून ती पातळ, घट्ट आणि चावायला बरी असते. तिचा तोटा : शेजारच्या दातांभोवती मळ साचतो, आणि मागे आधाराला एकही दाढ नसेल तर ती डुलते. एकच मागची दाढ नसताना कवळी दिली, की ती बहुधा डबीतच राहते.

एक उपयोगाची गोष्ट : तात्पुरती प्लॅस्टिकची कवळी करून दोन-तीन महिने वापरून बघणं. जागा भरल्याने तुमच्या जेवण्या-बोलण्यात खरंच फरक पडतो का, हे त्यात स्वस्तात कळतं. पुढचा कायमचा दात कसा दिसेल, याचाही अंदाज येतो.

आणि फट दातांना तारा लावून बंद करता येते का, हे तरुण वयात जरूर विचारा. काही फटींसाठी ते सर्वांत शहाणपणाचं उत्तर असतं.

इम्प्लांट : काय मिळतं, काय मागतं

१९५२मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडांतला रक्तप्रवाह पाहत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले, तर ती हाडाशी एकजीव झालेली. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या माणसाचं २००६मध्ये निधन झालं तेव्हाही ते जागेवर होते. हाड आणि धातूचं हे जुळणं हाच इम्प्लांटचा पाया आहे.

शेजारचे दात निरोगी, हाड पुरेसं, तंबाखू नाही, घासण्याची शिस्त आहे अशा माणसाच्या एका गेलेल्या दातासाठी इम्प्लांटला तोड नाही, हे मी मोकळेपणाने म्हणेन. शेजाऱ्यांना हात लागत नाही. दहा वर्षांनंतर शंभरातले साधारण पंचाण्णव इम्प्लांट जबड्यात टिकलेले असतात. पण 'टिकलेला' म्हणजे 'त्रासाविना' नव्हे. पाचांतल्या साधारण एका रुग्णाला कधी ना कधी इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारा रोग होतो, आणि तो बरा करणं अवघड आहे. शिवाय वरची कॅप फुटणं, स्क्रू सैल होणं, या दुरुस्त्या वेगळ्या.

खऱ्या दाताभोवती एक मऊ पडदा असतो. त्यामुळे दात किंचित दबतो, आणि खडा लागला तर जबडा क्षणात थांबतो. इम्प्लांटला तो पडदा नसतो. ना दबणं, ना ती जाणीव. म्हणूनच दात खाणाऱ्यांना रात्रीचं आवरण आवश्यक.

वेळेचा हिशेब असा : दात काढल्यावर जखम भरायला काही आठवडे ते तीन-चार महिने, स्क्रू बसवल्यावर हाड जुळायला दोन ते सहा महिने, मग ठसा आणि कॅप. हाडाची भर घालावी लागली तर आणखी चार-सहा महिने. काहींना त्याच दिवशी दात देता येतो, पण ते स्क्रू किती घट्ट बसला यावर ठरतं, तुमच्या उत्साहावर नाही.

आधी त्रिमितीय एक्स-रे, म्हणजे सीबीसीटी, झाला का हे विचारा. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखतात. वरच्या मागच्या बाजूला नाकाशेजारची पोकळी असते. तिथे हाड पातळ असेल तर पोकळीचा तळ उचलून हाड भरावं लागतं. जबड्याची वाढ संपण्याआधी इम्प्लांट करत नाहीत. शेजारचे दात हाडाबरोबर खाली येत राहतात, इम्प्लांट जागच्या जागी अडकतो आणि आखूड दिसू लागतो.

सगळेच दात गेले असतील तर

वरची आणि खालची कवळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सासूबाईंमुळे समजलं. वरची टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही, मध्ये जीभ आहे, आणि हाडाची कड खालच्या जबड्यात कितीतरी जास्त झिजते. त्यामुळे खालची उचकटते, टोचते, बोलताना उडते. पूर्ण कवळीची चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून 'नीट बसलेली' कवळीही सुरुवातीला निराश करते. सहा ते आठ आठवडे द्या, दुखणारी जागा घासून घ्यायला पुन्हा पुन्हा जा. लाजू नका.

सासूबाईंनी चार महिने दिले. मग एक दिवस म्हणाल्या, "अगं, मी जेवते कुठे? गिळते फक्त." २००२मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असं मत मांडलं होतं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसासाठी पहिला उपाय दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा असावा. पुढच्या भागात दोन स्क्रू, त्यांवर कवळीला आतून बटणं. तिथे हाड सहसा उरलेलं असतं आणि ती नस वाटेत येत नाही. हाडांची गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, धोका समजून घेऊन, त्यांनी तेच केलं. कवळी अजूनही काढून धुवावी लागते, पण ती आता जिभेबरोबर उठत नाही.

चार किंवा सहा इम्प्लांटवर संपूर्ण पक्की दातांची रांगही बसवतात. ज्यांचे दात खरंच गेलेत त्यांना ती सोय मोठी आहे. पण कुणी तुमचे चांगले, न हलणारे दात 'एकदाच सगळं करून टाकू' म्हणून काढायला सांगत असेल, तर उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. उपटलेला चांगला दात परत लावता येत नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

सहावी पायरी : पुढची वीस वर्षं कोण घासणार?

वयस्कर माणसासाठी ठरवताना हा प्रश्न टाळू नका. आज हात स्थिर आहेत, नजर चांगली आहे. उद्या हात थरथरले, विसर पडू लागला, तर इम्प्लांटभोवती ब्रश कोण फिरवेल? काढती कवळी दुसऱ्या कुणालाही काढून धुता येते. पक्की रांग नाही. तिथे मला साधा उपाय जास्त आवडतो.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, ती वाकडी होते. कवळी घालूनच झोपणाऱ्या ८५ वर्षांवरच्या जपानी वृद्धांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं होतं.

सातवी पायरी : खुर्चीत बसण्याआधीचे प्रश्न

हे कागदावर लिहून न्या, आणि उत्तरंही लिहून घ्या. काहीच केलं नाही, तर माझ्या बाबतीत पाच वर्षांत काय होईल असं वाटतं? हा उपाय का, आणि शेजारचे दात पाहता दुसरा का नको? तो बिघडला तर कसा बिघडेल, आणि मग काय उरेल? एक्स-रे, हाडाची भर, कॅप, तात्पुरता दात, पुढच्या तपासण्या धरून एकूण खर्च किती? इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल कुठलं, त्याची नोंद मला मिळेल का? दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला, तर हीच नोंद कामी येते. असे किती रुग्ण तुम्ही स्वतः केलेत, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

खर्चाची तुलना पहिल्या बिलावर करू नका. कॅप आणि ब्रिज दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतात, कवळी पाच-आठ वर्षांनी, मध्ये तिला आतून नवा थर द्यावा लागतो. चाळिशीत घेतलेला निर्णय आयुष्यात दोन-तीनदा पुन्हा पैसे मागतो. 'आज सही केली तर सूट' असं ऐकू आलं, तर सही उद्यावर टाका. दाताची रिकामी जागा एका रात्रीत बिघडत नाही. दुखणं, सूज, पू, ताप असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तेव्हा त्याच दिवशी जायला हवं.

उत्तरं घेऊन घरी या. पहिल्या पायरीचा कागद, दुसरीची वही आणि हा कागद शेजारी ठेवा. वही कोरी असेल आणि जोड्या पुरेशा असतील, तर 'आत्ता नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. फक्त त्यासोबत तारीख ठरवा : सहा महिन्यांनी तपासणी, मग दर वर्षी, आणि प्रत्येक वेळी जुन्या ठशाशी तुलना.

माझ्या दाढेची जागा चार वर्षं रिकामी आहे. यंदाच्या तपासणीत वरची दाढ किंचित उतरलेली दिसली, एका मिलिमीटरच्या आत. तिचं मूळ थोडं उघडं पडलंय, म्हणून तिथे बारीक ब्रश फिरवायला सांगितलंय. ती दोन मिलिमीटरपर्यंत आली, किंवा त्या मुळाला कीड लागली, तर वही पुन्हा उघडायची, असं डॉक्टरांशी ठरलं आहे.